मुलीच्या निबंधावर माझी कात्री

बाई, मुलीचा निबंध परत आला आहे. तिच्या कॉलेजात परदेशी प्रवेशाचं मार्गदर्शन करणाऱ्या मॅडमनी काल मला फोनवर तसं कळवलं. "निबंध उत्तम आहे," त्या म्हणाल्या, "पण हा सतरा वर्षांच्या मुलीने लिहिलेला नाही. असाच गेला तर वाचणाऱ्यांना संशय येईल आणि अर्ज तिथेच संपेल." मी बरं म्हणून फोन ठेवला. तीस वर्षं दुसऱ्यांच्या बातम्या दुरुस्त करून पोट भरलं, पण त्या क्षणी एवढंच सुचलं.

आता बाहेरच्या कॉलेजात नुसत्या गुणपत्रिकेवर भागत नाही, स्वतःबद्दल निबंध लिहून द्यावा लागतो. मुदत दिवाळीनंतरची आहे. पण लवकर सुरुवात करा असं मॅडमनी बजावलं होतं, म्हणून लेक मे महिन्यातच लिहायला बसली. आधी मराठीत लिही, मग इंग्रजीत कर, हे मीच सुचवलं. आजोळी जाताना खाडी ओलांडावी लागते, त्या होडीबद्दल तिने लिहिलं. होडीत पाय ठेवला की तिला धडकी भरते. का भरते ते दोन पानं लिहूनही तिला कळलं नव्हतं, आणि तिने ते तसंच सोडून दिलं होतं. मला ते अर्धवट वाटलं. मी महत्त्वाचं वर घेतलं, पाल्हाळ कापलं आणि शेवटी भीती जिंकल्याचं एक वाक्य घातलं. अर्ध्या तासाचं काम. लेक वाचून म्हणाली, "आई, मी जिंकले कधी?" मी म्हटलं, "जिंकशील गो, आधी अर्ज तर जाऊ दे."

फोन ठेवला आणि तुमचं स्वयंपाकघर आठवलं. मी तुमच्या वर्गात असताना तालुक्याच्या निबंधस्पर्धेची तयारी तुम्हीही सुट्टीतच सुरू करायचात. लिहिलेलं पंधरा दिवस पत्र्याच्या डब्यात ठेवायचं, मग तुमच्या घरी येऊन मोठ्याने वाचायचं. तुम्ही पाटावर बसून उकडलेल्या फणसाच्या आठळ्या सोलत असता. एखाद्या वाक्याला तुमचा हात थांबतो, एवढंच. वाक्य चांगलं म्हणून थांबला की वाईट म्हणून, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत. मी एकदा विचारलं, तर म्हणालात, "वाक्य तुझं, तू बघ. मी काय त्याची सोयरीक जुळवू?"

आठवीतल्या त्या दिवशी मी वाचते आहे, आणि पहिल्याच वाक्याला थांबलेला तुमचा हात शेवटपर्यंत हलत नाही. तो निबंध माझा नव्हता, बाई. मुंबईहून सुट्टीला आलेल्या दादाने "सर बाजूला, रडतेस काय" म्हणत एका बैठकीत लिहून दिला होता. वाचून झाल्यावर तुम्ही विचारलंत, "काय गो, तुझाच ना?" मी हो म्हटलं. "बरं. खा," म्हणून तुम्ही आठळ्यांची वाटी पुढे सरकवलीत. निबंध स्पर्धेत पहिला आला. त्या बक्षिसामुळे मला लिहिता येतं असं घरात ठरून गेलं, आणि मग ते खोटं पडू नये म्हणून मी खरोखरच लिहायला शिकले. तुम्हाला कळलं होतं का? कळूनही वाटी सरकवली असेल, तर ती माफी होती की शिक्षा? इतकी वर्षं मी दोन्ही बाजूंनी विचार करते, हाती काही लागत नाही.

काल संध्याकाळी हे सगळं लेकीला सांगितलं. वाटलं, हसेल. तर तिने विचारलं, "म्हणजे मामाने केलं ते बरं की वाईट?" मामाने केलं नसतं तर मी आज कुठे असते, आणि मी केलं म्हणून ही कुठे अडकली! शेवटी तीच म्हणाली, "मी पुन्हा लिहिते. तू पेन हातात घ्यायचं नाहीस." आज सकाळी ती उठली तीच वही घेऊन. दुपारी ती क्लासला गेल्यावर मी वही उघडून पाहिली. होडी आहे, धडकी आहे, आणि शेवटी पुन्हा तेच, का ते कळत नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगून टाकते: मला अजूनही मी दुरुस्त केलेलाच बरा वाटतो. उद्या चार वाजता ती नवा निबंध मला वाचून दाखवणार आहे आणि परवा मॅडमना पाठवणार आहे. वाचून झाल्यावर ती विचारेल, कसा झालाय.