विहिरीची खंडणी

गोरिशका ब्रदा, ऑक्टोबर १९५५

प्रिय सिरिल,

'प्रिय' लिहिलंय ते पत्राच्या रीतीपुरतं, हुरळून जाऊ नकोस. मला शब्द देऊन तू मोठ्या द्राक्षमळ्याच्या मालकाच्या एकुलत्या मुलीशी लग्न केलंस, त्याचा राग मी केव्हाच सोडला. मला नवरा भला मिळाला होता, लढाईत गेला बिचारा. तेव्हा जुनं प्रेम उकरून काढायला बसले आहे असं समजू नकोस.

तुझा निरोप पोचला. तुझ्या झोर्कोला माझी लेक निवेस हवी आहे आणि पुढच्या महिन्यात नव्या वाइनचा मार्टिनचा सण झाला की लग्न उरकावं, असं तुझं म्हणणं. पोरगा गुणी आहे. द्राक्षं तोडायच्या दिवसांत सीमेचा परवाना घेऊन इकडे आला, की आधी माझी लाकडं फोडून देतो, मग निवेसकडे बघतो. बापावर गेलेला नाही. त्याला माझी ना नाही. पण निरोपाच्या शेवटी माझं जुनं लाडकं नाव घेऊन तू कळवलंस, "विका, झालं गेलं विसरून जाऊ. दोष आपल्यापैकी कुणाचाच नाही, पॅरिसला बसून तह करणाऱ्यांचा आहे." ते ऐकून माझ्या हातातली कढई खाली पडली. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

तहाचं खापर तहावर फोडू, माझी हरकत नाही. लढाई हरलेल्या इटलीकडून मुलूख काढून युगोस्लावियाला द्यायचा, हे मोठ्या लोकांनी ठरवलं. पण आपल्या गल्लीत रेघ कुठून जायची ते पॅरिसमध्ये ठरलं नव्हतं, सिरिल. ते तुझ्या जेवणाच्या टेबलावर ठरलं. आठ वर्षांपूर्वी त्या सकाळी शिपायांनी सीमेची फक्कीची रेघ मारली तेव्हा तुझं घर, माझं घर आणि मधली विहीर, तिन्ही युगोस्लावियात होती. दुपारी तू त्यांना हॅम वाढलंस, जुनी वाइन काढलीस. ते जेवून उठले आणि रेघेला कोपर फुटलं. तुझं घर इटलीत गेलं. जाऊ दे, प्रत्येकजण आपलं घर वाचवतो. पण साहेबानं दुभाष्याकरवी विचारलं, "ही विहीर कुणाची?" आणि तू म्हणालास, "माझी."

माझे बाबा तिथेच उभे होते, रिकामी बादली घेऊन. तरुणपणी त्यांनी ती विहीर एकट्यानं खणली होती, आणि तुझ्या बापाला म्हणाले होते, "शेजाऱ्यानं पाण्यासाठी विचारायचं नसतं रे, भरून न्यायचं." तुझ्या तोंडचं 'माझी' ऐकून ते माझ्याकडे वळून म्हणाले, "चुकून बोलला असेल गं, उद्या सांगेल त्यांना." दुसऱ्या दिवशी विहिरीपाशी शिपायानं बंदूक रोखून त्यांना माघारी फिरवलं. तू खिडकीत होतास. मी पाहिलं.

त्यानंतर बाबा खालच्या ओढ्यावरून पाणी आणायचे. मला आणू द्यायचे नाहीत, म्हणायचे, "मला सवय आहे." पुढल्याच्या पुढल्या हिवाळ्यात बर्फावरून घसरले, खुब्याचं हाड मोडलं आणि ईस्टरच्या आत गेले. अंत्ययात्रा सीमेच्या तारेच्या कडेनं गेली. घंटा वाजत होती आणि पलीकडे तू वेली छाटत होतास. कात्री थांबली नाही तुझी. मी तुला त्या दिवशी मनातून मारलं, सिरिल. पुन्हा जिवंत करायचा माझा विचार नाही.

आता मुद्द्याचं सांगते, त्यासाठीच हा कागद घेतला. आमच्या गावची नवरी गावाबाहेर न्यायची तर श्रांगा लागणार, हे तुला ठाऊक आहे. पोरं रस्त्यात ओंडका आडवा टाकतात आणि मागितलेली खंडणी मिळाल्याशिवाय नवरी सोडत नाहीत. एरवी वाइनच्या पिंपावर भागतं. या वेळी मी पोरांना एक बादली पाणी मागायला सांगितलंय. त्यांचा म्होरक्या म्हणाला, "काकू, वाइन सोडून पाणी? वेड लागलंय का तुम्हाला?" मग मी त्याला सगळं सांगितलं, आणि तो हसायचा थांबला. पाणी त्याच विहिरीचं हवं. नवऱ्या मुलानं नाही, त्याच्या बापानं आणायचं. चौकीवरून, टेकडीच्या रस्त्यानं, लग्नाच्या कपड्यांत, पायी. आणि ओंडक्यापाशी बादली ठेवून सगळ्या गावासमोर सांगायचं, विहीर कुणाची होती ते. नाही सांगितलंस, तर ओंडका हलणार नाही आणि निवेस माझ्यासोबत घरी परत येईल. ती वर्षभर माझ्याशी बोलणार नाही. चालेल मला.

रेघ ओढली तेव्हा झोर्को गोरिझियाला मावशीकडे शिकत होता. विहीर तहात गेली असंच तो आजवर समजतो, परवा मला म्हणाला, "बाबांना फार वाईट वाटतं हो त्याचं." मी मान हलवली. मी त्याला काहीच सांगितलेलं नाही, पोरांनाही तोंड बंद ठेवायला बजावलंय. त्याला तू आधी घरात बसवून सांगायचं, की ओंडक्यापाशी सगळ्यांबरोबर ऐकू द्यायचं, एवढंच तुझ्या हातात ठेवलं आहे.

तारेअलीकडची,
लुद्विका