मागची ट्रॉली

आबा, तुमचा नातू आता मला कायदा शिकवतो. सोळाचा झालाय. जळोचीहून कॉलेजला एका गाडीवर तिघं बसून जातात, चालवणारा हा. ओरडले तर म्हणाला, "आई, कॉलेजात पोलीस मॅडम सांगून गेल्या. अठराच्या आत मला जेल न्हाय. झाली तर शिक्षा बापाला." बाप शेजारीच जेवत होता, त्याचा घास हातातच राहिला. त्या बाईंनी पोरांनी जपून राहावं म्हणून सांगितलं असणार. ह्या कार्ट्यांनी त्यातली सूट तेवढी उचलली.

लहानपणी मी आणि माझी मैत्रीण तरी कुठं वेगळ्या होतो म्हणा. भवानीनगरच्या रस्त्याला कारखान्याकडं निघालेल्या ट्रॉलीमागं पळायचं आणि लोंबणारा ऊस ओढायचा. एका उसाला कुणी चोरी म्हणत नाही, हा आमचा कायदा. एक दिवस ऊस ओढला तो ट्रॅक्टर नेमका तुमचा निघाला. तुमी कडेला घेऊन खाली उतरता, मला वाटतं आता कानाखाली बसणार. तुमी मला तुमच्या सीटवर चढवता आणि मैत्रिणीला मागं जोडलेल्या दुसऱ्या ट्रॉलीच्या पाठीमागं उभी करता. "दिसती का ती?" मी मान वाकडी करकरून बघते. नुसता ऊसच. "न्हाय दिसत." "मला बी न्हाय दिसत," एवढंच म्हणालात. मग तोच ऊस गुडघ्यावर मोडून आमा दोघींना अर्धा अर्धा दिलात. चोरी हा शब्द तोंडातनं काढला नाहीत. त्यानंतर मी कधी ट्रॉलीमागं पळाले नाही.

माझ्यात तुमची शांती नाही. मी आधी पोराच्या हातातनं गाडीची किल्ली हिसकावली, मग त्याला हे सगळं सांगितलं. तो हसला. "आजोबांना कायदा ठाव नव्हता."

"नव्हता. पण आपल्या चाकाखाली कुणाचं लेकरू येईल ह्याचा घोर होता. तुझ्यामागं दोघं बसत्यात, ती कुणाची हायत?"

रात्री मीच किल्ली परत खिळ्याला अडकवली, मुद्दाम लपवली नाही; सकाळी ती तशीच लटकत होती. तरी तो कॉलेजला चालत गेला. तुमी असता तर एका शब्दात त्याच्या मनातलं काढून घेतलं असतं. आता हा कागद कुठं धाडणार, घडी करून ठेवते. तो समजून चालत गेला का रागानं, ते विचारायची मला भीती वाटली, आबा.