प्लास्टिक बादलीला शोभतं

१७ सप्टेंबर, सकाळ
मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन करून कॉलेजातून आलो आणि निर्णय घेतला. माझ्या रिमोटच्या टुरिंग कारला प्लास्टिकपासून मुक्ती द्यायची. प्लास्टिक बादलीला शोभतं.

दसऱ्याला रेस आहे. जिंकेल तो वर्षभर मुरूम आर. सी. कार क्लबचा अध्यक्ष. सध्या मीच आहे. सभासद तीन. मी, कापड दुकानवाले आयुबभाई आणि गुरुसिद्धप्पा. चातुर्मासात लग्नं नसतात, त्यामुळं गुरुसिद्धप्पांचं मंगल कार्यालय मोकळं असतं, तिथंच पळवतो. क्लबचा नियम मी स्वतः लिहिला आहे: ज्याची गाडी चालते तो सभासद. इतका उदार नियम पुण्याच्या क्लबातसुद्धा नसेल.

तारामती तिच्या शाळेतलं झेंडावंदन उरकून आली. तिला बेत सांगितला. म्हणाली, आधी डायनिंग टेबल मोकळं करा, दसऱ्याला माझ्या माहेरची माणसं येणार, त्यांना काय वॉशिंग मशीनवर वाढू? बायकोला ध्येय कळायला वेळ लागतो.

२२ सप्टेंबर
पार्सल आलं. चाकं धरून ठेवणारे चारही आर्म आता अॅल्युमिनियमचे. निळेशार. हातात घेतले तर गार लागतात. जुने प्लास्टिकचे तारामतीला फेकायला दिले. तिनं ते आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात ठेवले. या बाईच्यानं काही फेकवत नाही.

योगायोगानं आजच अकरावीला स्थितिस्थापकता शिकवली. दाब आला की वाकायचं आणि दाब गेला की परत मूळ आकारात यायचं, हा केवढा मोठा गुण आहे ते घसा फोडून सांगितलं. पोरांच्या डोक्यात काही शिरलं नाही. घरी येऊन आर्म दोन्ही हातांनी वाकवून पाहिला. तसूभर वाकला नाही. समाधान वाटलं.

२९ सप्टेंबर
सोनाराच्या काट्यावर गाडी तोलली. अॅल्युमिनियममुळं वजन वाढलंय. ते कमी करायला टायटॅनियमचे स्क्रू मागवले होते, ते बसवले. साधारण एका वेलदोड्याएवढं वजन घटलं. उरलेलं वजन मुद्दाम ठेवलंय असं समजायचं. जड गाडी जमीन धरून राहते.

आयुबभाई म्हणाले, सर, गाडी पळवायचीय का लॉकरमधी ठेवायचीय? जळतात.

५ ऑक्टोबर
नवी मोटर, नवा रिमोट, नवी बॅटरी, नवी चाकं. जुनं सगळं डब्यात.

आज एक फार चांगली गोष्ट घडली. तारामतीनं आपण होऊन विचारलं, अहो, ही लाल वायर कुठं जाती? मग विचारलं, पुढचा आर्म कुठला अन् मागचा कुठला? चहा गार होईपर्यंत समजावलं. मध्ये एकदाही भाजीचा विषय काढला नाही तिनं. इतक्या वर्षांच्या संसारात माझं म्हणणं एवढं कान देऊन पहिल्यांदाच ऐकलं. डोळे भरून आले. (सोल्डरिंगचा धूरही होता.)

१२ ऑक्टोबर
शेवटचा आणि सर्वांत मोठा पार्ट आला. कार्बन फायबरची चासी, म्हणजे सगळे पार्ट जिच्यावर बसतात ती पाटी. काळी, चकचकीत, पापडासारखी पातळ. प्लास्टिकची जुनी चासी डब्यात मावेना, तारामतीनं ती ओढणीत गुंडाळून कपाटात ठेवली. तडा गेलेली जुनी बॉडीही नेली. म्हटलं ने. आता माझ्या गाडीत जुनं म्हणून काहीही उरलेलं नाही. अभिमान वाटला.

टेबल रेसनंतर रिकामं करतो म्हणालो. ती नुसतं बरं म्हणाली. वाद नाही, काही नाही. माणूस ठाम राहिला की घरचेही नमतात.

१६ ऑक्टोबर, संध्याकाळ
घरी आलो तर आयुबभाई सोफ्यावर चहा पीत बसलेले. शर्टच्या खिशात स्क्रू ड्रायव्हर! मी आधी गाडीवर टॉवेल टाकला. काय काम काढलंत विचारलं, तर म्हणाले, तुमच्याकडं न्हाय, भाभीकडं होतं. उघड उघड हेरगिरी. पण अध्यक्षानं संयम ठेवायचा असतो. बिस्किटं पुढं केली.

१९ ऑक्टोबर
हॉलवर सराव. गाडी वळणावर घसरते. दोष शहाबादी फरशीचा आहे, नको इतकी घोटलेली आहे. गुरुसिद्धप्पांना तसं सांगितलं. ते म्हणाले, सर, आम्ही पंगतीसाठी घातलोय ही फरशी, तुमची रेस कुठं माहीत होती तवा. वरून विचारलं, जुनी गाडी बरी पळत होती की हो, तिला काय झालं? पुरावा म्हणून मी फरशीचा फोटो काढला.

२३ ऑक्टोबर, खंडेनवमी, सकाळ
गाडीची पूजा. हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ. सगळं यथासांग हवं म्हणून चारी चाकांखाली लिंबं ठेवली. मोठ्या गाडीला ठेवतात, मग हिला का नको? लिंबं मात्र चाकांच्या जवळपास निम्म्या उंचीची निघाली. गाडी चौरंगावर बसल्यासारखी दिसत होती.

तारामतीनं त्या आइस्क्रीमच्या डब्यालाही कुंकू लावलं. माझ्या जुन्या पार्ट्सविषयी केवढी माया!

त्याच दिवशी, दुपार
लिंबं चिरडायची म्हणून पूर्ण थ्रॉटल दिला. लिंबं चिरडली नाहीत. गाडी उडाली आणि उंबऱ्यावर आपटली. पण अॅल्युमिनियमच्या आर्मवर साधा ओरखडा नाही! मी टाळी वाजवली. आर्म ज्याला बसवलाय त्या कार्बनच्या चासीला आडवा तडा गेलाय, ती बाब वेगळी. आर्मनं आपलं काम चोख केलं. तड्यात इपॉक्सी भरलं. चिकटवलेला जोड मूळ वस्तूपेक्षा मजबूत असतो.

२४ ऑक्टोबर, दसरा
रेस झाली.

स्टार्ट लाइनवर तीनऐवजी चार गाड्या. चौथी तारामतीची. तडा गेलेली बॉडी निळ्या दोऱ्यानं शिवलेली, आत सगळं प्लास्टिक. ओळखीची वाटली. मी हरकत घेतली. आयुबभाईंनी माझाच नियम मला म्हणून दाखवला: ज्याची गाडी चालते तो सभासद. गाडी चालत होती. लईच चालत होती.

पहिल्याच वळणावर, नवरानवरीच्या स्टेजपाशी, माझ्या गाडीचे दोन भाग झाले. पुढचा अर्धा भाग मोटरशिवाय क्षणभर सर्वांच्या पुढं होता, हे नोंदवणं आवश्यक आहे. तारामतीही त्याच स्टेजला धडकली. तिचे आर्म वाकले, सरळ झाले आणि ती निघून गेली.

पहिली तारामती, दुसरे आयुबभाई. गुरुसिद्धप्पांची बॅटरी संपली. सोनं म्हणून आपट्याचं पान तिनं माझ्या हातात ठेवलं, मी तिच्या पाया पडता पडता राहिलो. माहेरची माणसं टाळ्या वाजवत होती. मला फार वाईट वाटलं.

२५ ऑक्टोबर
शांतपणे विचार केला. एकेक पार्ट पाहिला तर जिंकली ती माझीच गाडी. सकाळी हे अध्यक्षांच्या कानावर घातलं. त्यांनी होय म्हटलं आणि डायनिंग टेबल पुसायला फडकं दिलं. पुसलं. माझं सामान आता वॉशिंग मशीनवर आहे.

क्लबच्या पहिल्या बैठकीचा चहा मीच केला. बैठकीला बसू लागलो तर आयुबभाई चाचरत म्हणाले, सर, तुमची गाडी सध्या चालत न्हाय ना. नियम मीच लिहिलाय. ट्रे घेऊन आत आलो.

संध्याकाळी अध्यक्षांना विचारलं, प्लास्टिकची एखादी चासी जास्तीची आहे का? त्या म्हणाल्या, न्हाय. बादली हाय.