हिला रॅम कळते कशी?

३ एप्रिल, गुरुवार
संगणक परत बंद! बटण दाबलं की तीनदा पीं पीं पीं — आणि पडदा काळा. बाजारातला दुरुस्तीवाला म्हणाला, "गुरुजी, बोर्ड गेला. भंगारात घाला, नवा घ्या." डबा उघडूनसुद्धा बघितला नाही त्यानं. आत माझे चार हजार तीनशे शब्द आहेत — धारूरकडच्या बोलीचे. रिटायर झाल्यापासूनची सहा वर्षं. दुसरी प्रत नाही. जन्मभर मास्तरकी केली, पण प्रत ठेवायची अक्कल नाही!

५ एप्रिल
आज अजबच. वनमाला गच्चीवर कुरडया उलटवायला गेली होती. खाली आली आणि म्हणाली, "ती रॅमची पट्टी काढून खोडरबरानं पुसा की. सोनेरी कडेला काळा काट धरतोय."
मी बघतच राहिलो. बायको सातवी शिकलेली. लग्नाला चौतीस वर्षं झाली, संगणकाला तिनं कधी हात लावला नाही.
"तुला कुणी सांगितलं?"
"आसंच. ऐकलं कुठंतरी."
प्लग काढला, डबा उघडला, पट्टी पुसली, कट् आवाज येईपर्यंत दाबून बसवली. चालू झाला! शब्द आहेत. सगळे!
पण कुठं ऐकलं हिनं?

६ एप्रिल
"आधी समदे शब्द पेनड्राइव्हवर घ्या, मग बाकीचं." — पुन्हा वनमाला! घेतले.

९ एप्रिल
अर्ध्या तासात तापून बंद पडतो. आतली डिस्कही टक् टक् करतेय. दुपारी ती गच्चीवरून उतरली ती नवीनच सल्ला घेऊन. "आतल्या पंख्याखाली पांढरा मलम आसतोय, तो वाळला आसंल. नवा लावा — मुगाच्या दाण्याएवढाच. आन् धूळ ब्रशानं काढा. काढताना पंखा बोटानं धरा, गरगर फिरू देऊ नका."
मी लिहून घेतलं. हिच्याकडून!
वाटीभर धूळ निघाली. "दर सहा महिन्याला करायचं आसतंय," म्हणाली. करायचं असतंय म्हणे! मोबाइलवर बघत असेल म्हणावं तर तिचा फोन बटणांचा. गच्चीवर आहे तरी काय? वर जाऊन आलो. कुरडया आहेत.

१२ एप्रिल, शनिवार
पोस्टमननं पुडकं आणलं. पाठवणारा — सतीश, पुणे.
सतीश माझाच विद्यार्थी. दोन वर्षांपूर्वी आमच्या पोरीनं, प्रियदर्शनीनं, त्याच्याशी कोर्टात लग्न केलं. आपल्यातला नाही तो. दोघं दारात आले होते. मी दार लावून घेतलं. त्यानंतर या घरात पोरीचं नाव निघत नाही — निदान माझ्यासमोर.
पुडक्यावर लिहिलंय : संगणकाची डिस्क. म्हणजे गच्चीवर फोन व्हायचे! रॅम, मलम, मुगाचा दाणा — सगळं त्याचं. तो कंपनीत हेच काम करतो, हेही आजच कळलं.
"परत पाठवू का?" वनमालेनं विचारलं. रागवायचं तर कुणावर, हेच कळेना. पुडकं कपाटावर ठेवलं.

१४ एप्रिल
जयंतीची मिरवणूक दारावरून गेली. वनमाला दारात उभी राहून बघत होती. मी आत.

१५ एप्रिल
जुन्या डिस्कची टक् टक् वाढलीय. एक अक्षर उमटायला चार सेकंद. पुडकं फोडलं. चिठ्ठी नाही. नुसत्या पायऱ्या लिहिलेला कागद — जुनी डिस्क नव्या डिस्कवर कशी उतरवायची, मग कुठं काय जोडायचं. त्याच्या वहीवर मी 'अक्षर सुधार' असं लाल शाईनं लिहायचो. सुधारलंय.
एकेक पायरी केली. संगणक वीस सेकंदांत उघडला! कुणाला तरी सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही.

१७ एप्रिल, गुरुवार
सकाळी पडद्यावर — डिस्क सापडत नाही! मी तर काही उघडलं नव्हतं.
"आता मला न्हाई कळत," वनमाला म्हणाली. नंबर लावून फोन माझ्या हातात दिला. "तुमीच इचारा."
"बोला आई," — सतीश.
"मी बोलतोय."
"सर... आधी प्लग काढला का?"
नव्हता काढला. काढला. तो दमानं सांगत गेला, मी डब्यात बघत गेलो. फोनमध्ये त्याच्या मागून कुणीतरी म्हणालं, "बाबांना म्हणावं, घाई करू नका!"
दोन वर्षांनी आवाज ऐकला. हातातला स्क्रू खाली पडला. शोधायला वाकलो तर नीट दिसेना.
डिस्कची लाल वायर निघाली होती. बसवली, चाललं. फोन ठेवायचा कसा ते मात्र समजेना. म्हणालो, "दोघं या. एकदा इथं बसूनच बघा."
"कधी येऊ, सर?"
"कधीबी या."
हे मी म्हणालो? मीच?
आणि घट्ट बसवलेली वायर आपोआप निघते कशी?

१८ एप्रिल
वनमालेनं चहा पुढं ठेवला. म्हणाली, "रागवू नका. ती लाल वायर मीच काढलती."