संपतच्या आन् माझ्या भांडणातले एकूण मुद्दे

तीर्थरूप म्हस्कूमामा आन् अनसाआत्या, पाटसहून जालिंदरचा दोघांच्या पायावर माथा. मामा, गुडघा कसा हाय? तेल चोळताय का नुसती बाटली बघताय? फोनवर तुम्ही मधीच झोपता, म्हणून लिहून कळवतो. इकडं समदी खुशाल हायेत, भांडणबी ठणठणीत हाय.

तर विहिरीजवळच्या तीन फूट पट्टीसाठी चुलतभाऊ संपतवर मी दौंडच्या कोर्टात दावा लावला, त्याला पाच वर्सं झाली. (तवापासून आमचं बोलणं बंद.) परवाच्या तारखेला जजबाई म्हणाल्या, आता वादाचे मुद्दे ठरवायचे, दोन्ही बाजूंनी आपापला मसुदा द्या. माझ्या वकील सुलक्षणाताई म्हणाल्या, दोन ओळी पुरे. पण मामा, एवढ्या वर्सांनी कुणीतरी इचारलं, मग मी काय सोडतोय? त्रेचाळीस मुद्दे काढले. मुद्दा चौथा, प्रतिवादी आपल्या कोंबड्याला वादीच्या नावानं हाक मारतो का? मुद्दा अकरावा, प्रतिवादीच्या लेकीच्या, अंकिताच्या लग्नात त्यानं वादीला मुद्दाम बारक्या मापाची टोपी घातली का? (ती सावरता सावरता माझी मान आखडली.) संपतनं छत्तीस आणले. त्यातला पहिलाच, वादी लहानपणापासून असाच आहे का?

जजबाईंनी समदं वाचलं. (मधी दोनदा पाणी प्यायल्या.) मग म्हणाल्या, "एकानं म्हणायचं आणि दुसऱ्यानं नाकारायचं, तोच मुद्दा. दोघांना कबूल असेल ते खोडा. जा, बाहेर बसून खोडून आणा."

बसलो एका बाकावर, मधी दोन्ही वकील. मी वाचायचं, त्यानं सांगायचं. कोंबड्याचं कबूल झालं. टोपीला म्हणाला, "दुकानात तेवढी एकच उरली व्हती, जालिंदर. मलाबी वाईट वाटलं." मामा, पाच वर्सांनी त्याच्या तोंडून माझं नाव ऐकलं (कोंबड्याचं सोडून). मग त्याच्या पहिल्या मुद्द्याला मीबी कबूल म्हणलो. आईबी तेच म्हणते.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत एकच मुद्दा उरला. मी म्हणतो हद्दीचा दगड त्यानं उपटला, तो म्हणतो मी. त्याच्यावर आम्ही असं तापलो, की बाक कलंडला आन् वकिलांसकट चौघं खाली. कोर्टानं तेवढाच लिहून घेतला: प्रतिवादीने हद्दीचा दगड उपटून वादीच्या जमिनीत अतिक्रमण केले, हे वादी शाबीत करतो का? म्हंजी शाबीत मीच करायचं! वाटण्या झाल्या तवा दगड तुम्ही रोवला व्हता, म्हणून साक्षीला तुमचं नाव दिलंय. संपतनंबी तुमचंच दिलंय. तवा यावं, आन् खरं ते माझ्या बाजूनं सांगावं.

तुमचा भाचा,
जालिंदर

ता. क. माझी मोटारसायकल बंद हाय, म्हणून तुम्हाला न्यायला संपत येईल. वाटेत लाडीगोडी लावील. चहा प्या, पण मुद्द्यावर बोलू नका.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवताना आत्याचा फोन आला. म्हणाली, तुझ्या मामांनी तुमच्या रानातनं आणलेला दगड धुण्याला लई झ्याक हाय, पाच वर्सांत टवका उडाला न्हाई. मामा! हे मी संपतला सांगणार न्हाई.

ता. क. तिसरा. सांगितलं. हसून हसून तो बांधावर आडवा झाला. आता आम्ही दोघांनी मिळून एकमतानं नवा मुद्दा काढलाय, त्यात तुमचं नाव साक्षीदारांत न्हाई. रविवारी दोघं एकाच गाडीवर कारेगावला येतोय. आत्याला म्हणावं, धुणं सकाळीच उरकून घे.