हाय म्हणणारा ड्रायव्हर

सर, जे जोडलेलंच नाही त्या कार्डाला 'हाय' म्हणणारा कोड तुम्ही चुकून लिहिलात की जाणूनबुजून, हे मला सांगता येत नाही. नेकनूरच्या तुमच्या क्लासमध्ये आम्ही हजेरीला 'हाय सर' म्हणायचो. शाळेत त्यासाठी छडी मिळायची, तुम्ही मात्र पुढचं नाव घ्यायचात. क्लासमधले संगणक एकमेकांना जोडणाऱ्या नेटवर्क कार्डासाठी तुम्ही ते चालवणारा प्रोग्राम, ड्रायव्हर, लिहिलात, तेव्हा कार्ड सापडलं की पडद्यावर तोच शब्द उमटेल असं केलंत. तो ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रणालीच्या गाभ्यात, गेला. तपासणाऱ्या परदेशी लोकांना वाटलं, हा इंग्रजी नमस्कार आहे. त्यांनी राहू दिला. त्याच सुमारास मी न चालवताच वहीत 'प्रोग्राम चालतो' असं लिहिलं होतं. तुम्ही वही मिटून विचारलंत, "चालवून बघितलंस का? मग लिव्हलंस कावून?"

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, आता त्याच कर्नलवर काम करते. तुमच्यानंतर त्या कार्डासाठी कुणीतरी दुसरा, जास्त चांगला ड्रायव्हर लिहिला. एका कार्डाला दोन ड्रायव्हर, म्हणजे प्रत्येक दुरुस्ती दोनदा. जुना काढायचं काम माझ्याकडे आलं. त्याआधी विचारायचं असतं, कुणी वापरतंय का. मी सगळ्यांना मेल केला. कितीतरी दिवस उत्तर नाही. मग मला तुमचं घर आठवलं.

दुपारची वेळ. काकू चहा ठेवतात आणि तुमच्या जुन्या संगणकावरचं कापड काढतात. "रोज लावते मी त्याला. लावायचं शिकवलंय तुझ्या सरांनी." पंखा घुरघुरतो, ओळी सरकतात, शेवटी येतं, हाय. मला लई बरं वाटलं. कार्डावरचा नंबर टिपून घ्यावा म्हणून मी संगणक बंद करून डबा उघडला. कार्डाची खाच रिकामी होती. तिच्यावर कोळ्याचं जाळं, कुठंही न तुटलेलं.

"काकू, कार्ड कुठंय?"

"त्ये व्हय? सर गेले त्याच साली पाटोद्याचा मेकॅनिक घेऊन गेलता."

"मग हे रोज हाय कुणाला म्हणतंय?"

काकूंनी कपात चहा गाळला. "मी कुठं म्हणले कार्डाला म्हणतंय म्हणून?"

मी झाकण लावून पुन्हा चालू केलं. रिकाम्या खाचेसमोर तोच शब्द. परत येऊन कोड वाचला. तुम्ही कार्डाला हाक मारता, पण उत्तराची वाट न बघताच ओळ छापता. एवढीशी चूक, आणि इतकी वर्षं ती कुणालाच दिसली नाही.

कर्नलमधून ड्रायव्हरची फाइल काढताना कारण लिहावं लागतं. मी लिहिलं, दुसरा ड्रायव्हर हेच काम करतो, आणि जुना वापरणारं कुणीही सापडलं नाही. काकूंचा संगणक जुन्याच कर्नलवर चालतो, त्याला काही होणार नाही, हे आधी पाहून घेतलं. तरी ते दुसरं कारण खोटं आहे, आणि लिहितानाच मला ते ठाऊक होतं. काकूंना 'वापरणारी' म्हणून चारचौघांत उभं करणं माझ्याच्यानं झालं नाही. सोमवारी तुमची फाइल कर्नलमधून गेली. काढणारीच्या जागी माझं नाव आहे.