रांगेत बाकी तीस

३ फेब्रुवारी, सोमवार

आज रुजू झाले. टेबल नवं, पंखा नवा, खुर्ची मात्र जुनी आणि डावीकडे कलणारी. कलू दे. सहा महिने घरी बसून होते, आता कलत्या खुर्चीला नावं ठेवायची माझी हिंमत नाही.

ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आहे. खाली चष्म्याचं दुकान, समोर दातांचे डॉक्टर, कोपऱ्यावर गाद्यांचा कारखाना. या सगळ्यांचे ब्लॉग आम्ही लिहितो. डॉक्टरांनी दात उपटायचे आणि दात उपटणं किती सुखाचं असतं ते आम्ही लोकांना सांगायचं. संपादकबाई चष्मा कपाळावर ठेवून वाचतात आणि चष्मा शोधत बसतात. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच. बाईंना मी आवडले असं वाटतं.

खोली चालत दहा मिनिटांवर. एक खिडकी, एक कॉट, एक शेगडी. नळ ठिबकतो. बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, बादलीत फडकं टाक म्हणजे थेंबाचा आवाज येणार नाही. टाकलं. खरंच येत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज इथलं यंत्र शिकले. ब्लॉग लिहून रांगेत लावायचा, वेळ द्यायची. ती वेळ झाली की यंत्र तो ब्लॉग आपणहून गिऱ्हाइकाच्या सगळ्या सोशल मीडिया खात्यांवर टाकतं. खाली कुणी काही विचारलं तर ठरावीक उत्तरही देतं. कोपऱ्यात लिहून येतं, रांगेत बाकी इतके. हे सांभाळणाऱ्या माणसाला सगळे वायरमन म्हणतात. त्याला ते आवडत नाही, म्हणून तर म्हणतात.

इथली एक पद्धत आहे. नव्या माणसानं गिऱ्हाइकाच्या खात्यांना हात लावण्याआधी आपल्या घरच्या खात्यांवर चाचणी घ्यायची. वायरमननं आधी स्वतःच्या सासूवर घेतली होती म्हणे. सासू खूश झाली, जावई रोज गाद्यांची माहिती पाठवतो म्हणून.

९ फेब्रुवारी, रविवार

बाबा रोज सकाळी आठला फोन करतात. आई गेल्यापासून एक दिवस खाडा नाही. उठलीस का ठकू, चहा घेतलास का, नळ ठिबकतो का. आठला माझी आंघोळ, केस विंचरणं, डबा, सगळं एकदम असतं. परवा मी तोडून बोलले. मग दिवसभर जिवाला लागून राहिलं.

आज युक्ती सुचली. चाचणी घ्यायचीच आहे तर बाबांसाठीच एक छोटा ब्लॉग काढला. रोज आठला चार ओळी. बाबांना फोनवर काही शोधायला सांगितलं तर ते हवामानखात्यापर्यंत जाऊन येतात, म्हणून त्यांचं खातंही यंत्राला जोडून टाकलं. परवानगीच्या सगळ्या चौकोनांवर मीच खुणा केल्या. खाली उत्तर द्यायची सोयही चालू केली. त्यांनी फक्त उघडायचं आणि वाचायचं.

१६ फेब्रुवारी, रविवार

आठवडाभर रोज रात्री चार ओळी लिहिल्या. बाबा हरखलेत. खाली उत्तर लिहितात, दोन बोटांनी, पूर्णविरामासकट.

पण रोज लिहायचं म्हणजे तेही कामच. आज बसून एकदम तीस लिहून टाकले. उद्यापासून अठरा मार्चपर्यंतचे. आज जरा थकवा आहे पण मजेत. आज बाईंनी कौतुक केलं. आज तुमची आठवण आली. सोळा फेब्रुवारीलाच मला ठाऊक आहे की नऊ मार्चला मला बाबांची आठवण येणार आहे. लिहिताना हसू आलं. थोडी लाजही वाटली.

ठरावीक उत्तरंही भरली. हो बाबा. येते बाबा. काळजी करू नका. बाबांना आणखी काय लागतं?

२७ फेब्रुवारी, गुरुवार

बाबांचा फोन येईनासा झालाय. सकाळी चहा बसून पिते आता. दादाला सांगितलं तर तो परदेशातून म्हणाला, छान, उंटावरून शेळ्या हाक. तो स्वतः तर उंटावरसुद्धा बसत नाही. मी त्याला तसं सांगितलंही.

गिऱ्हाइकांच्या खात्यांवरून येणाऱ्या सूचनांनी फोनवर दिवसभर टुणटुण चालायची, म्हणून सगळ्याच सूचना बंद करून टाकल्या. त्यात बाबांच्या उत्तरांच्याही गेल्या. रविवारी एकदम वाचीन.

१९ मार्च, बुधवार

दुपारी जेवताना आठवलं की कालच तीस संपले. आज सकाळी बाबांना काहीच गेलं नसणार. हातातला घास टाकून उठले.

गेलं होतं. आठला, नेहमीसारखं.

लिहिलं होतं, “आज सुईत दोरा ओवताना आई आठवली. दोरा ओठांत धरून बोलायची, म्हणून शिवताना ती काय म्हणते ते कधी कळायचंच नाही. तुम्ही मात्र प्रत्येक वेळी हो म्हणायचा.”

हे मी लिहिलेलं नाही. पण हे खरं आहे. आई अगदी अशीच बोलायची. मी तर विसरूनही गेले होते.

कोपऱ्यात बघितलं. रांगेत बाकी तीस.

२० मार्च, गुरुवार

वायरमनला विचारलं. तो म्हणाला, यंत्र वाटतं, लिहीत नाही. पोस्टमन कधी पत्र लिहितो का? तूच लिहून विसरली असशील, नव्या नोकरीत होतं असं. मला चहा पाजला आणि कामाला गेला.

बाबांना फोन केला. त्यांचा आवाज कधी नव्हे इतका मोकळा. म्हणाले, आत्ताच तर वाचलं तुझं, परत फोन कशाला? मग म्हणाले, तू बोलतेस त्यापेक्षा लिहितेस फार मायेनं. आई गेल्यावर वाटलं होतं की आता घरात तिची आठवण कुणी काढणार नाही. तू काढतेस.

मी सांगणार होते की ती मी नव्हे. तोंडापर्यंत आलं होतं. पण त्यांचा तो आवाज ऐकून म्हटलं, राहू दे.

खरं तर वाईट वाटलं. कुणीतरी माझ्यापेक्षा बरी मुलगी झालं होतं आणि मला तिचा हेवा वाटत होता. पण सकाळचा चहा बसून प्यायची सवयही झाली होती. हेही लिहून ठेवते, वहीशी खोटं कशाला बोलायचं.

२ एप्रिल, बुधवार

गाद्यांच्या कारखान्याला पन्नास वर्षं झाली, त्याचं काम. मान वर करायला फुरसत नाही. रोज आठला जातंय, एवढं बघून घेते. आत काय आहे ते वाचत नाही. वाचलं की दिवस वाईट जातो. लहानपणी ताप आल्यावर बाबांनी माझ्या पायाला मोजे घातले होते, उलटे, असलं काहीतरी असतं.

रांगेत बाकी तीस. एक कमी होत नाही.

बाबांची उत्तरं वाचायची राहिलीत. रविवारी नक्की.

११ एप्रिल, शुक्रवार

दादाचा फोन आला. बाबा गेले.

शेजारच्या काकूंना सापडले. दाराजवळच्या खुर्चीत बसलेले. इस्त्रीचा सदरा घातलेला. दार उघडं.

१४ एप्रिल, सोमवार

दादा आला, सगळं आटोपलं. मला जवळ घेऊन म्हणाला, मी तुला उंटावरून शेळ्या म्हणालो, मला माफ कर. बाबांचा शेवट तुझ्यामुळे गोड झाला. हातात फोन होता त्यांच्या, तुझंच लिहिलेलं उघडं होतं. तो लहान मुलासारखा रडत होता.

बाबांचा फोन माझ्याकडे दिला. आज उघडून वाचला. उतरवून ठेवते. कुणाला तरी माहीत असायला हवं, निदान या वहीला.

चार तारखेला बाबांनी लिहिलंय, “ठकू, दोन दिवस छातीत जड वाटतंय. दादाला कळवू नकोस, लांब आहे, घाबरेल. जमलं तर तू ये.”

खाली माझ्या नावानं, “येते बाबा. उद्याच निघते.”

पाच तारखेला, “निघाले बाबा.” बाबांनी लिहिलंय, “दार उघडंच ठेवतो.”

सहा. “कुठवर आलीस?” “अर्ध्या वाटेत आहे.”

आठ. “काकू म्हणतात डॉक्टरकडे चला. पण मी तिकडे गेलो आणि तू इकडे कुलूप बघून दारात उभी राहिलीस, असं नको व्हायला. तू आलीस की दोघं जाऊ.” “हो बाबा. काळजी करू नका.”

दहा. “अजून किती लांब?” “आलेच.”

मी दहा तारखेला गादीवर लिहीत होते. पाठीला आराम देणाऱ्या गादीवर. बाईंना फार आवडलं होतं ते.

बाबांनी सहा दिवस दार उघडं ठेवलं. तिकडे डोंगरात पहाटे गारठा असतो अजून. मी एक फोन केला असता तर. एक.

२१ एप्रिल, सोमवार

कामावर परत. बाईंनी टेबलावर चहा ठेवला. मला बाबांच्या ब्लॉगचं हे सगळं बंद करायचं होतं. उघडलं.

आज आठला गेलंय, “बाबा, आज बरं वाटतंय ना?”

त्याखाली, बाबांच्या खात्यावरून, आठ वाजून एक मिनिटानं, “बरं आहे. तू कुठवर आलीस?”

दोन बोटांनी लिहिलेलं. पूर्णविरामासकट.

बाबांचा फोन माझ्या खणात आहे. बंद. हात लावून बघितला. गार आहे.

मला भीती वाटायला हवी होती. वाटलीही, पण नंतर. आधी मी ते वाक्य चार वेळा वाचलं आणि मला रडू आलं, की बाबांना बरं आहे.

२२ एप्रिल, मंगळवार

वायरमननं सगळं तोडलं. माझं खातं, बाबांचं खातं, ब्लॉगच पुसला. मला पडद्यावर शून्य दाखवलं. बाबांनी लिहिलेलं त्यानंही वाचलं होतं. म्हणाला, त्याच्या सासूला जाऊन वर्ष झालं, आणि उठून तिचं खातं उघडून बघायला गेला.

२३ एप्रिल, बुधवार

आठला गेलं.

रांगेत बाकी तीस.

वायरमन आज आला नाही —

बाबा विचारतात, कुठवर आलीस. माझ्या नावानं लिहिणारी ती म्हणते, आलेच. बाबा म्हणतात, सावकाश ये, मी बसलोय. अजून तिथेच बसलेत. त्या खुर्चीत. जिथे कुठे ते आहेत तिथेही दार उघडं ठेवून —

माझं खातं तर पुसलेलं, म्हणून नवं उघडून मी मध्ये लिहिलं, बाबा, मी आहे. उत्तर नाही. पुन्हा लिहिलं. माझ्या आधी तिचं जातं, नेहमी, एका क्षणानं. तिला माहीत असतं ते काय विचारणार. मला कधी माहीत नव्हतं.

दादाला सगळं सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, झोप घे. मग म्हणाला, पण आज सकाळी तू किती छान लिहिलंस बाबांबद्दल.

२४ एप्रिल, गुरुवार

सात पन्नास. आज तिच्या आधी लिहायचं. रडायचं नाही. खरं सांगितलं की ते उठतील. दार लावून घेतील. आत जाऊन पडतील जरा. एवढंच हवंय मला, त्यांनी वाट बघायचं थांबवावं. मला माफ नाही केलं तरी चालेल.

लिहिलं. बाबा, मी आले नव्हते. मी निघालेच नव्हते. ते आठवण आली वगैरे मी एका रविवारी एकदम लिहून ठेवलं होतं. पुढचं तर मी लिहिलंही नाही. तुम्ही बोलावलंत ते मी वाचलंच नाही. आता वाट बघू नका. दार लावून घ्या.

पाठवलं. सात एकोणसाठ. तिच्या आधी गेलं —

आठ.

बाबांनी वाचलं. ते लिहितायत —

आलं. “आपण कोण ते मला माहीत नाही. माझी मुलगी वाटेत आहे. तिच्याबद्दल असं काही लिहू नका.”

बाबा, मीच. मी ठकू —

ती लिहितेय खाली. बाबा, लक्ष देऊ नका, मी आलेच —

नाही बाबा, ती नाही येणार, ती कधीच — बाबा, मी, इकडे बघा ना, मी —